टेकायला लाज कसली?

आपल्या वस्तीत दुपारी कुठल्याही घराशी जा आणि कडी वाजवा. आतली बाई आडवी झालेली असेल तर आधी धडपडून उठेल, पदर सावरेल आणि तुम्ही काही विचारायच्या आत सांगेल, “आत्ताच जरा टेकले होते.” सकाळपासून तिने काय काय उपसले ते कुणी विचारलेले नसते. तरी चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा होतो. माणसांचेही तसेच आहे. एक दिवस कामाला गेला नाही की गडी पारावर बसायला संकोचतो. ताप असेल तर चालते, कारण आजार दाखवता येतो. नुसता थकवा मात्र कुणाला दाखवता येत नाही.

या वेळच्या आरोग्य पानासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे. विश्रांती घेताना मनाला टोचणी का लागते, ती टोचणी खरी आहे का, आणि हातावर पोट असलेल्या घरात विश्रांतीला वेळ कसा काढायचा, हे तीन प्रश्न आहेत. रविवारी विहारात हा लेख एकत्र वाचावा, म्हणून शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

आधी दिवस मोजून पाहू

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातले साखरा घ्या. सोयाबीन, तूर, कापूस, हळद ही या भागाची पिके. अशा गावातल्या मजूर बाईचा खुरपणीच्या दिवसांतला दिनक्रम आपल्या सर्वांना पाठ आहे. पहाटे पाचला उठायचे. झाडलोट, पाणी भरणे, भाकऱ्या, लेकरांची तयारी. मग डबा बांधून रान गाठायचे. संध्याकाळी परतताना डोक्यावर सरपण किंवा गवत. पुन्हा चूल, जेवणे, भांडी. पाठ जमिनीला लागते तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे साडेसतरा तास ती पायावर आहे. पडल्या पडल्या झोप लागली तरी वाट्याला साडेसहाच तास येतात. त्यात लेकरू रडले, डास चावले, म्हाताऱ्या माणसाला उठवावे लागले तर तेवढेही नाहीत.

ही काही एकाच गावाची गोष्ट नाही. देशातली माणसे दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केंद्र सरकारने २०१९ साली केली. त्यात दिसले की घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाचा वेळ ९७ मिनिटे. आणि मुळात असा हात लावणारे पुरुष शंभरात साधारण २६ होते. या पाच तासांची मजुरी नाही, हजेरी नाही आणि सुट्टीही नाही. म्हणून दिवसभर राबलेल्या बाईला “तू घरी काय करतेस?” असे विचारता येते, आणि तिलाही उत्तर सुचत नाही.

ही टोचणी आली कुठून?

आपल्या समाजाच्या बाबतीत या टोचणीला मोठा इतिहास आहे. आपल्या आज्यापणज्यांचा वेळ त्यांचा स्वतःचा नव्हता. येसकराने गावात कधी हाक येईल तेव्हा हजर व्हायचे. निरोप पोहोचवायचा, सरकारी माणसाचे ओझे वाहायचे, मेलेले जनावर ओढायचे. हाकेला रात्र नव्हती, पाऊस नव्हता, घरातले आजारपण नव्हते. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथेही वेठ होतीच. ज्याचा वेळ दुसऱ्याच्या मालकीचा असतो, त्याने घटकाभर बसणे हा गुन्हा ठरतो. त्याच्या विश्रांतीला दिलेले नाव म्हणजे ‘आळस’. मालक दुपारी झोपला तर तो वामकुक्षी घेतो आणि मजूर झोपला तर तो कामचुकार! शब्दांतच भेद आहे.

संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. पण हाक मारणारा गेला तरी ती हाक आपल्या कानात राहिली. आता बाहेरून कुणी ओरडत नाही, आपणच स्वतःला ओरडतो. त्यात गरिबीची भर पडते. एक दिवस बसलो तर एका दिवसाची मजुरी बुडते, हे कुणी नाकारू शकत नाही. म्हणून आम्ही “काळजी सोडा आणि आराम करा” असा फुकटचा सल्ला देणार नाही. पण मजुरी बुडण्याची चिंता वेगळी आणि विश्रांतीची लाज वेगळी. चिंतेवर हिशेबाने उपाय शोधता येतो. लाजेचे मात्र काही कारण नाही, कारण विश्रांती हा आपल्या चळवळीने लढून मिळवलेला हक्क आहे.

सुट्टीसाठी लढलेली माणसे

रविवारची सुट्टी आभाळातून पडली नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केले. त्यांच्या मागण्यांत आठवड्याला एक दिवस सुट्टी होती आणि दुपारी अर्धा तास विसावाही होता. १८९० च्या एप्रिलमध्ये झालेल्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली.

पुढे बाबासाहेबांनी हे काम कायद्यात आणले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला मजुरी न बुडता विसावा मिळावा, हा त्याचा गाभा होता. १९२९ साली तो कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. त्या काळात कारखान्यातल्या कामगारांना भरपगारी रजेचा कायदा झाला, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले.

बाबासाहेबांनी या मागणीमागचा विचारही मांडला आहे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी फुरसतीची बाजू घेतली. जनावर खाण्यापुरते जगते, माणसाला मात्र मन आहे, विचार आहे, आणि मनाची वाढ होण्यासाठी फुरसत लागते, असा त्यांच्या मांडणीचा आशय. जो माणूस उठल्यापासून झोपेपर्यंत पोटासाठीच खपतो, त्याला माणूस म्हणून वाढायला जागाच उरत नाही. म्हणून त्यांना यंत्रे हवी होती. यंत्राने कष्ट उपसावेत आणि वाचलेला वेळ माणसाला मिळावा.

हीच गोष्ट संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये आहे. कामगाराला निर्वाहापुरते वेतन आणि चांगले राहणीमान मिळावेच, पण फुरसतीचा पुरेपूर उपभोगही घेता यावा, यासाठी राज्याने झटावे, असे तिथे सांगितले आहे. त्यात कारखान्यातल्या कामगाराबरोबर शेतमजुराचाही उल्लेख आहे. म्हणजे साखऱ्याच्या शिवारात खुरपणाऱ्या बाईची फुरसत संविधान लिहिणाऱ्यांनी विचारात घेतली होती.

“पण बाबासाहेब तर अठरा तास अभ्यास करायचे!”

आपल्या घरांतला हा नेहमीचा प्रश्न. जयंतीला ठिकठिकाणी अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो चांगलाच आहे. वर्षातून एक दिवस त्या कष्टांची आठवण ठेवणे वेगळे. पण पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या लेकराला रोज त्या मापाने मोजणे बरोबर नाही. दहा तास अभ्यास करून थकलेला मुलगा झोपताना स्वतःला कमी लेखतो, हे आपण पाहतो.

बाबासाहेबांना तसे करावे लागले, कारण त्यांच्याकडे पैसा थोडा, वेळ थोडा आणि काम कोट्यवधी लोकांचे होते. त्याची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने शेवटची वर्षे त्यांना फार त्रास झाला. वयाच्या ६५ व्या वर्षी, धम्मदीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, आपण त्यांना गमावले. ते आणखी दहा वर्षे लाभले असते तर, हा विचार आपल्या प्रत्येकाच्या मनात येतो. मग ज्यांनी आपल्या फुरसतीसाठी कायदे केले, त्यांचेच नाव घेऊन लेकरांची झोप मोडायची का?

दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेत. रात्रभर जागून वाचलेले सकाळच्या पेपरात आठवत नाही, ते यामुळेच. शिकणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींना रोज ८ ते १० तास झोप लागते आणि मोठ्या माणसाला निदान ७ तास.

सोण आणि त्याची वीणा

धम्मातही याचे उत्तर आहे. सोण कोळीविस हा श्रीमंत घरातला मुलगा भिक्खू झाला. त्याने चालत ध्यान करण्याचा असा ध्यास घेतला की तळपाय फुटून वाटेवर रक्त पडले. तरी मन स्थिर होईना, तेव्हा घरी परत जावे असा विचार त्याच्या मनात आला. तथागत त्याच्याकडे गेले. सोण पूर्वी वीणा वाजवत असे, म्हणून त्यांनी त्याला विचारले की तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. बेताच्या ताणावर सूर लागतो. प्रयत्नाचेही तसेच आहे.

या कथेचा पुढचा भाग आपण कमी सांगतो. सोणचे पाय पाहून तथागतांनी त्याला चपला वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, एकट्यासाठी नको, संघातल्या सर्वांना मिळणार असेल तर मीही घालीन. मग ती परवानगी सर्व भिक्खूंना मिळाली. आपल्या घरात हेच लावून पाहा. विश्रांती फक्त कमावत्या पुरुषाला किंवा परीक्षेच्या मुलाला मिळत असेल आणि सुनेला मिळत नसेल, तर ती सवलत झाली. सर्वांना मिळाली तर तो घराचा नियम झाला.

वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. तेच खुरपणीचेही दिवस असतात. वाचन ऐकता ऐकता एखाद्या उपासिकेचा डोळा लागला तर तिला हसू नका. ती दिवसभर रानात वाकलेली आहे. वाचन अर्धा तास लवकर संपवले तर तिला धम्मही मिळेल आणि झोपही.

विश्रांतीत शरीर काय करते?

आपण पडून असतो तेव्हा शरीर बसून नसते. झोपेत रक्तदाब उतरतो आणि हृदयाला उसंत मिळते. कामाने ताणलेल्या स्नायूंची दुरुस्ती होते. रोगाशी लढणारी शक्ती भरून येते. झोप वर्षानुवर्षे कमी पडली तर रक्तदाब, साखर आणि वजन वाढण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो. आता मघाचा साडेसतरा तासांचा दिवस आठवा.

उन्हाळ्यात याला आणखी एक कारण जोडले जाते. हळद काढणीचे, शिजवण्याचे आणि वाळवण्याचे काम ऊन तापत असतानाच चालते. उन्हात राबणारे शरीर घामाने स्वतःला थंड ठेवते. सावली आणि पाणी मिळाले नाही तर ती सोय कोलमडते. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली सूचना. तेव्हा काम थांबवून सावलीत बसणे हाच उपचार. माणूस बरळू लागला, शुद्ध हरपली किंवा अंग तापून भट्टी झाले तर अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

थकवा आहे की आजार?

झोप पुरेशी होऊनही थकवा जात नसेल तर तपासणी करायला हवी. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, किंवा गरोदर बाईचे ११ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे असे समजतात. अशी बाई चढ चढताना धापा टाकते आणि घरचे तिला आळशी म्हणतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते आणि लोहाच्या गोळ्या मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

वारंवार लघवी आणि फार तहान, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणे, पाळीत फार रक्त जाणे, अशी लक्षणे थकव्याबरोबर असतील तर थांबू नका. कशातच मन लागत नाही, रडू येते, जगणे नकोसे वाटते, हाही आजारच आहे. त्यासाठी १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येते.

विश्रांती नाकारली की गोष्ट कुठवर जाते ते ऊसतोडीच्या बायकांनी भोगले आहे. तिथे एक खाडा पडला तरी पैसे कापले जातात. पाळीचे दुखणे घेऊन फडात उभे राहण्यापेक्षा पिशवीच काढून टाकू, असे अनेकींनी केले. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींत एक! आपल्या भागातूनही टोळ्या जातात. कुणी पिशवी काढायला सांगितली तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

वेळ काढायचा कसा?

दोन तास कुणालाच मिळणार नाहीत. म्हणून छोट्या गोष्टी सांगतो.

१. कामावर. गुत्त्याने घेतलेल्या कामात बायका जेवणही उभ्या उभ्या उरकतात. टोळीने सकाळीच ठरवावे की दुपारी अर्धा तास सगळ्या जणी एकदमच बसतील. एकटी बसली तर बोल ऐकते, सगळ्या बसल्या तर तो टोळीचा नियम होतो. कामावर पाणी, मुलांना सावली आणि विश्रांतीची वेळ ही काही उपकाराची मागणी नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही ती तरतूद होती.

२. घरात. पाणी भरणे, भांडी, अंथरूण घालणे यांपैकी दोन कामे पुरुषांनी आणि मुलांनी कायमची आपल्याकडे घ्यावीत. ‘मदत’ म्हणून नको, मदत कधीही बंद होते. वाटून घेतलेले काम रोजचे असते. एवढ्याने घरातल्या बाईचा रोज पाऊण तास सुटू शकतो.

३. गरोदर आणि बाळंतीण. गरोदर बाईने रात्री ८ तास आणि दिवसा २ तास पडून राहावे, असे आरोग्य विभाग सांगतो. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई व्हावी आणि बाईला आराम करता यावा, याच हेतूने प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात. आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडे नाव नोंदवा, आणि त्या पैशाचा उपयोग विश्रांतीसाठीच होऊ द्या.

४. झोप. पत्र्याच्या एका खोलीत सहा माणसे झोपतात, हे आम्हाला माहीत आहे. तरी ठरावीक वेळेनंतर टीव्ही आणि मोबाईल बंद करणे आपल्या हातात आहे. जेवणानंतर चहा टाळा. थकवा घालवायला म्हणून दारू पिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की दारूने डोळा लवकर लागतो, पण झोप मोडती लागते आणि अंग सकाळी जास्त दुखते. पंचशीलातले पाचवे शील शरीरासाठीही आहे.

५. मनाची उसंत. रात्री वंदना झाल्यावर दहा मिनिटे सगळ्यांनी गप्प बसून आपल्या श्वासाकडे लक्ष द्यावे. लेकरे चुळबूळ करतील, करू द्या.

आणि कुणी दारात आले म्हणून धडपडून उठू नका. “आराम करते आहे, बसा,” एवढे म्हणा. पहिल्यांदा जीभ अडखळेल. आपल्या लेकी हे वाक्य ऐकत मोठ्या झाल्या तर त्यांची अडखळणार नाही.

विहारात चर्चेसाठी

• आपल्या घरात सर्वांत आधी कोण उठते आणि सर्वांत शेवटी कोण झोपते? एका दिवसाचे तास मांडून पाहा.

• ‘आळशी’ हा शब्द आपण कुणाला वापरतो? मुलाला आणि सुनेला तो सारख्याच कारणाने वापरतो का?

• सोणने एकट्यासाठी चपला नाकारल्या. आपल्या वस्तीत कुणाची विश्रांती सर्वांत शेवटी येते?

• येत्या पौर्णिमेपर्यंत प्रत्येक घराने कोणती दोन कामे वाटून घ्यायची, ते आजच ठरवा.

नमो बुद्धाय, जय भीम.